शेवट आधी बघायचा

शनिवारी वाचनालय साडेसहाला मिटतं.
मी सहा वीसला पोचते,
हात लिंबानं चोळलेले, तरी कोळंबी हटत नाही बोटांतून.
खडपेबाई रजिस्टरातून मान वर न काढता सांगतात,
"मुलांची खालच्या फळीवर. ओल धरलेली वेगळी काढल्येत,
ती नको नेऊस, दुर्वाला शिंका सुटतील."

मी उकिडवी बसते.
बंदरावर बांगड्याचा कल्ला उचलून बघते
तसं एकेक पुस्तक उचलून बघते.
आधी शेवटचं पान. मग मधलं कुठलंही.
चित्रांवरून घाईघाईत बोट फिरवते
आणि परत ठेवते.

राक्षस चालतो. राक्षसाला ती खदखदून हसते,
त्याला पायजम्याची नाडी बांधता येत नसेल म्हणते.
भूत चालतं. आमच्या विहिरीजवळच एक राहतं,
सासूबाई त्याला नावानं हाक मारतात.
सावत्र आई, लांडगा, जंगलात चुकलेली भावंडं,
सगळं चालतं, फक्त पुस्तक मिटेपर्यंत
सगळी घरी आलेली हवीत.

होडी नको.
जहाज नको, तराफा नको,
बाटलीतली चिठ्ठी नको,
बेटावर एकटा उरलेला माणूस तर नकोच नको.
पुस्तकं काढणाऱ्यांना समुद्राचं भारी वेड.
पुण्यात बसून रंगवत असतील,
काठापासून काठापर्यंत एकच निळा.
आमचा कधी राखेचा, कधी नासक्या दुधाचा,
आणि आज आनंदवाडीच्या जेटीवर
तीन नंबरचा बावटा लागल्यावर
कसला होता ते मी बघितलंच नाही,
पाठ करून कोळंबी सोलत राहिले.

"झालं का गं?" खडपेबाई किल्ल्या वाजवतात.
तेवढ्यात हाताला उंट लागला.
पिवळं पुस्तक, पाठीला चिकटपट्टी.
पहिल्या पानावर वाळू, मधल्या पानावर वाळू,
चहूकडे कोसभर पाण्याचं नाव नाही.
शेवटचं पान: तंबू, कंदील, उंट पोचलेला.
मी सही केली.

रात्री नऊला लाइट गेली.
चार्जिंगचा दिवा उशाशी,
दुर्वाचे गार पाय माझ्या पोटाला.
उंट चालत होता. काटेरी झुडपं खात होता.
नवव्या पानावर माझी जीभ अडली.
"उंटाला म्हणतात वाळवंटातलं..."
मी म्हटलं, "वाळवंटातलं जनावर."
तिचं बोट ओळीवर आलं.
यंदा पहिलीत गेलीय, जोडाक्षरापाशी अजून थांबते,
पण ह्या शब्दात जोडाक्षर नाही.
"ज. हा. ज."
मग माझ्याकडे बघून,
"तू शबूद बदललंस."

वारा कौलांवरून गेला. न्हाणीघराचं दार
एकदा आपटलं, पुन्हा आपटलं.
"तो बुडता?"
"नाय. दमलो की गुडघे मोडून बसता वाळूत."
तिनं दिवा जवळ ओढून चित्र नीट बघितलं.
"आपली होडी पण पावसात अशीच बसता," म्हणाली,
"झापांखाली. पपा तिका तेल लावतत तेव्हा."
आणि कूस बदलून, "वाच फुडे."

मी वाचलं.
वावटळ आली तीही वाचली,
उंटवाल्याचं पागोटं उडालं तेही.
ती अकराव्या पानावर झोपली.

पाच पानं उरली होती.
फोनला रेंज नव्हती, असून उपयोगही नव्हता,
पंचवीस वावांच्या पुढे कुणाचा फोन लागतो.
उंट पोचतो हे मला माहीत होतं,
वाचनालयातच बघून ठेवलं होतं.
तरी दिवा माझ्या बाजूला वळवला
आणि ओळीखाली बोट धरून, तिच्यासारखी,
एकेक शब्द वाचत गेले.